विश्लेषण : दख्खनच्या कातळाखाली तेल आहे का? खोदण्याआधी ते कसे शोधतात?

भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. त्यामुळे देशात कुठेही तेल किंवा वायू सापडल्याची बातमी आली की अपेक्षा लगेच उंचावतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या पूर्व किनाऱ्याजवळ श्री विजयपुरम-२ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला, तेव्हाही असेच झाले. अशा बातम्यांनंतर महाराष्ट्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुंबईसमोरच्या समुद्रात तेल आहे, तर राज्याच्या जमिनीखाली का नसावे? या प्रश्नाचे उत्तर दख्खनच्या काळ्या कातळाखाली दडलेले आहे. ते शोधण्याची साधने आज उपलब्ध आहेत. मात्र, त्यांपैकी एकट्या साधनावर विसंबून खोदायला घेणे महागात पडते.

दख्खनच्या कातळाखाली नेमके काय आहे?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. त्यातून एकावर एक थर साचत गेले आणि बेसाल्टचे पठार तयार झाले. आजही हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात त्याची जाडी मोठी आहे, तर पूर्वेला विदर्भाकडे जाताना तो पातळ होत जातो. हे लाव्हाचे आच्छादन पडण्याआधी तिथे जमीन होती, नद्या होत्या आणि काही भागांत समुद्रही होता. त्या काळातला गाळ आज खडक होऊन कातळाखाली असू शकतो. तेलाची आशा आहे ती याच गाळखडकांत.

पण हे गाळखडक सगळीकडे नाहीत. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विहीर घेण्यात आली. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन आधारखडक. मधे गाळखडकाचा थरच नव्हता. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत खोदलेल्या विहिरीत ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळाचा जेमतेम ८ मीटरचा थर मिळाला. दोन्ही ठिकाणी खोदकाम तेलासाठी नव्हते, पण तेलाच्या प्रश्नावर त्यातून महत्त्वाचा पुरावा मिळाला.

उत्तरेकडे चित्र वेगळे आहे. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ परिसरात लाव्हाआधीच्या समुद्रातील चुनखडक आणि वालुकाश्म उघड्यावर दिसतात. विदर्भात वर्धा खोऱ्यातील कोळसा देणारे गोंडवाना खडक बेसाल्टखाली शिरताना आढळतात. सौराष्ट्रात राजकोटजवळच्या लोधिका येथील विहिरीत बेसाल्टखाली मेसोझोइक म्हणजे डायनासोरच्या युगातील गाळखडक मिळाले. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष प्रामुख्याने नर्मदा-तापी पट्टा आणि सौराष्ट्रावर आहे. सरकारी यादीत देशातील २६ गाळखोऱ्यांमध्ये ‘दख्खन सिनेक्लाइज’ या नावाने या भागाची नोंद आहे. पण ती तिसऱ्या वर्गात, म्हणजे तेलाचे साठे अद्याप सिद्ध न झालेल्या खोऱ्यांत.

‘मुंबई हाय’वरून जमिनीखालचा अंदाज बांधता येतो का?

थेट नाही. १९६० च्या दशकात ‘अकादेमिक आर्खान्गेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाच्या मदतीने खंभातच्या आखाताच्या परिसरात भूकंपीय सर्वेक्षण झाले. त्यातून समुद्रतळाखालचा घुमटासारखा उंचवटा लक्षात आला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे भूभौतिकी सर्वेक्षणाच्या यशाचे हे सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते.

पण मुंबई हायचे तेल लाव्हापेक्षा वयाने लहान आहे. ते ज्या ‘पन्ना’ गटाच्या शेल खडकांत तयार झाले, ते खडक लाव्हानंतर साचले आहेत. शेजारच्या खोलगट भागांत हे खडक तापले, तेल तयार झाले आणि ते उंचवट्याकडे सरकले. म्हणजे समुद्रात बेसाल्ट हा बव्हंशी तळ आहे. जमिनीवर तो छत आहे. तळावरच्या खोलीत काय सापडले, यावरून छताखालच्या खोलीत काय असेल हे ठरवता येत नाही.

तेलसाठा तयार होण्यासाठी काय लागते?

चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा जनक खडक. तो पुरेसा तापलेला असला पाहिजे. दुसरी, तेल सामावून घेणारा सच्छिद्र साठवण खडक. तिसरी, तेल वर निसटू न देणारा झाकण खडक. चौथी, तेल अडून राहील अशी रचना, आणि तीही तेल वाहू लागण्याच्या आधी तयार झालेली. यांपैकी एक जरी नसेल, तरी विहीर कोरडी निघते. भूभौतिकी प्रामुख्याने रचना, जाडी आणि खोली दाखवते. खडकात तेल तयार झाले का, कधी झाले आणि ते टिकले का, हे प्रश्न भूरसायनाचे आहेत.

कातळाखालचे दिसणे इतके अवघड का?

तेलशोधातील मुख्य साधन म्हणजे भूकंपीय सर्वेक्षण. जमिनीवर लहान स्फोट करून किंवा कंपने निर्माण करणारे अवजड ट्रक वापरून लहरी खाली सोडल्या जातात. थरांवरून परतणाऱ्या लहरी हजारो संवेदक टिपतात आणि संगणकावर खालचे चित्र तयार होते. गाळखडकांत ही पद्धत उत्तम चालते. बेसाल्टमध्ये मात्र ती अडखळते. लहरींची बरीच ऊर्जा कातळाच्या पृष्ठभागावरूनच माघारी येते. सह्याद्रीच्या घाटात कातळाच्या थरांमध्ये लालसर मातीचे पट्टे दिसतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळातले हे थर. कठीण-मऊ अशा या उतरंडीत उरलेली ऊर्जा विखुरली जाते.

दुसरी अडचण वेगाची आहे. बेसाल्टमधून लहरी साधारणपणे सेकंदाला ५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जातात, तर त्याखालच्या गाळखडकांत बहुधा हळू. खाली वेग वाढत गेला, तर लहरी वळून पृष्ठभागावर परततात आणि थर ओळखता येतो. वेग मधेच कमी झाला, तर तो थर या पद्धतीला जवळपास अदृश्य राहतो. म्हणून कातळाखाली पाहायचे असेल तर कमी वारंवारतेच्या लहरी, संवेदकांच्या लांबच लांब रांगा आणि किचकट संगणकीय प्रक्रिया लागते.

गुरुत्व मोजूनही अंदाज घेता येतो. एक घन सेंटिमीटर बेसाल्टचे वजन साधारण २.८ ते २.९ ग्रॅम भरते, तर गाळखडकाचे बहुधा २.२ ते २.६ ग्रॅम. जड कातळाखाली हलका खडक असेल, तर गुरुत्वाच्या नोंदीत सूक्ष्म फरक पडतो. पण वरचा जड थर खालच्या हलक्या थराचा परिणाम झाकू शकतो. चुंबकीय मोजणीतही बेसाल्टचाच आवाज मोठा.

यावर काही प्रमाणात उतारा आहे तो मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीचा. विजा आणि सूर्याकडून येणारे भारित कण यांमुळे पृथ्वीभोवती नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी सतत निर्माण होतात. त्या जमिनीत किती खोल शिरतात आणि खडक त्यांना कसा प्रतिसाद देतात, हे या पद्धतीत मोजले जाते. खारे पाणी धरून असलेला गाळखडक वीज सहज वाहू देतो. बेसाल्ट त्याहून कमी आणि ग्रॅनाइट फारच कमी. त्यामुळे दोन अवरोधक थरांमध्ये अडकलेला वाहक थर उठून दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या आणि इतर पद्धती एकत्र वापरून सौराष्ट्र आणि नर्मदा-तापी पट्ट्यात कातळाखाली गाळखडक असल्याचे संकेत मिळवले आहेत. मात्र, इथेही मर्यादा आहे. पातळ पण फार वाहक थर आणि जाड पण कमी वाहक थर, दोघांचा प्रतिसाद जवळपास सारखाच येतो. शिवाय खारे पाणी आहे म्हणजे तेल आहे, असे मुळीच नाही.

भूरसायन काय सांगते?

खडकाचा तुकडा हाती आला की प्रयोगशाळेत त्याची भुकटी टप्प्याटप्प्याने तापवतात. त्यातून किती हायड्रोकार्बन बाहेर पडले आणि कोणत्या तापमानाला सर्वाधिक पडले, यावरून खडकाची क्षमता कळते. प्राचीन लाकडाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली किती प्रकाश परावर्तित करतात, हेही पाहिले जाते. हे प्रमाण साधारण ०.६ ते १.३ टक्के असेल, तर खडक तेल तयार होण्याच्या टप्प्यात आहे. कमी असेल तर तो कच्चा. बराच जास्त असेल तर तेलाचा काळ उलटून गेला आणि उरला असेल तर वायू.

तेलाला स्वतःची ओळखही असते. प्राचीन जिवांच्या रेणूंचे अवशेष तेलात टिकतात. त्यांची जुळणी करून कोणते तेल कोणत्या खडकातून आले, हे ठरवता येते. मिथेनमधील कार्बनच्या समस्थानिकांवरून तो वायू जिवाणूंनी उथळ जागी बनवला की खोलवरच्या उष्णतेने, हेही सांगता येते. पहिला भाताच्या खाचरातही तयार होतो. खोल खोऱ्यात शोध असतो दुसऱ्याचा.

विहीर न खोदताही थोडा पुरावा मिळतो. साठ्यातील हलके वायू भेगांमधून अत्यल्प प्रमाणात वर झिरपतात आणि मातीच्या कणांना चिकटतात. काही फूट खोलीवरची माती घेऊन त्यातील मिथेन, इथेन, प्रोपेन मोजले जातात. इथेन आणि प्रोपेन जिवाणू सहसा तयार करत नाहीत. म्हणून ते सापडणे महत्त्वाचे. तरीही हा पुरावा जपून वापरावा लागतो. वायू सरळ वर येईलच असे नाही. भेग जिकडे नेईल तिकडे तो जातो. धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर कातळाला छेदणाऱ्या उभ्या भित्तीखडकांची दाटी आहे. हे खडक काही ठिकाणी वायूला अडवतात, तर काही ठिकाणी वाट करून देतात. मातीतील वायूवरून खाली काहीतरी घडते आहे, एवढे कळते. किती तेल आहे, हे कळत नाही.

लाव्हाने तेल जाळून टाकले असेल का?

शंका रास्त आहे. बाहेर पडताना लाव्हाचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण पृष्ठभागावर पसरलेला लाव्हा वरूनही थंड होतो आणि त्याची धग खालच्या खडकात फार खोल जात नाही. खरा परिणाम दोन मार्गांनी होतो. एक, गाळखडकांतच घुसलेल्या लाव्हाच्या पाट्या आजूबाजूचा खडक भाजून काढतात. दोन, वर कातळाचे जाड पांघरूण पडल्यावर खालचा खडक कायमचा अधिक तापतो. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे २ किलोमीटर जाडीच्या पांघरुणाने खालच्या खडकाचे तापमान ५० ते ६० अंशांनी चढू शकते. तेल साधारण ६० ते १२० अंशांदरम्यान तयार होते. त्यामुळे कच्चा खडक या पांघरुणाने पिकू शकतो, तर आधीच पिकलेला करपूही शकतो. कोणत्या जागी काय झाले, हे फक्त खडकाचे नमुनेच सांगू शकतात.

जगात दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. शेटलंड बेटांच्या पश्चिमेला रोझबँक क्षेत्रात २००४ मध्ये लाव्हाच्या थरांमधल्या वालुकाश्मात तेल सापडले. ब्राझीलच्या पार्नाइबा खोऱ्यात तर घुसलेल्या लाव्हानेच जनक खडक तापवून वायू तयार केला आणि त्याच लाव्हाने वर झाकणही घातले. गुजरातमध्ये पाद्रा येथे बेसाल्टच्या भेगांमधूनच तेल निघते. म्हणून ‘कातळ आहे, तेल नाही’ हे जितके घाईचे, तितकेच ‘गाळखडक आहेत, तेल असणारच’ हेही घाईचे.

दोन्ही प्रकारची माहिती एकत्र का हवी?

एक साधे गणित पाहू. समजा, जनक खडक, साठवण खडक, झाकण आणि रचना या चारही गोष्टी असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के आहे. मग चारही एकत्र असण्याची शक्यता होते सुमारे ६ टक्के. म्हणजे अशा १६ विहिरींपैकी एखादी यशस्वी होणार. भूरसायनाच्या पुराव्याने जनक खडकाची शक्यता ८० टक्क्यांवर गेली, तर एकूण शक्यता १० टक्के होते. तीच १० टक्क्यांवर आली, तर एकूण शक्यता सव्वा टक्क्यावर येते आणि ती विहीर न खोदणेच शहाणपणाचे ठरते. खोल समुद्रातील एका विहिरीला शेकडो कोटी रुपये लागू शकतात. अशा ठिकाणी वाचलेली विहीर हीसुद्धा कमाईच असते.

उलट दिशेनेही हे खरे आहे. मातीत वायू सापडला, पण खाली रचना कशी आहे हेच दिसले नाही, तर विहीर नेमकी कुठे घ्यायची ते ठरत नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, २००० मीटरहून अधिक खोल पाण्याखाली आणि मिठाच्या जाड थराखाली २००६ मध्ये ‘तुपी’ क्षेत्र सापडले. मिठाखालचे चित्र स्पष्ट करणारे भूकंपीय तंत्र आणि खालचा जनक खडक उत्तम आहे ही भूरासायनिक माहिती, या दोन्हींचा आधार असल्याने तिथे एवढी जोखीम घेणे परवडले.

घाईची किंमत किती असते?

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील दीनदयाळ क्षेत्राचे उदाहरण यासाठी आठवायला हवे. २००५ मध्ये तिथे २० ट्रिलियन घनफूट वायू असल्याची घोषणा झाली. साठा खोल होता, तापमान आणि दाब अतिशय जास्त होते आणि खडक इतका घट्ट की त्यातून वायू सहज वाहत नव्हता. पुढे मान्य झालेल्या विकास आराखड्यातील आकडा घोषणेच्या जेमतेम दशांश होता. अखेर २०१७ मध्ये ओएनजीसीने गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाकडून या क्षेत्रातील ८० टक्के हिस्सा सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतला. खडकात वायू असणे आणि तो परवडेल अशा खर्चात बाहेर काढता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्याच्या पुढे धावलेली घोषणा शेवटी सार्वजनिक पैशावर येऊन पडते.

आता काय व्हायला हवे?

माहिती गोळा करण्याच्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात, आजवर न तपासलेल्या जमिनीवरील खोऱ्यांत ४८ हजार २४३ लाइन किलोमीटर सर्वेक्षणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०१७ मध्ये राष्ट्रीय माहिती भांडार उभे राहिले; कंपन्या तिथली माहिती पाहून क्षेत्र निवडू शकतात. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी खोल समुद्रातील शोधमोहिमेची घोषणा झाली. सर्वांचे लक्ष आता समुद्राकडे आहे. त्या गर्दीत दख्खन मागे पडण्याची भीती आहे, आणि एखाद्या उत्साही घोषणेपायी तिथे चुकीच्या जागी खोदण्याचीही.

पहिली गरज आहे ती माहिती विहिरींची. तेल काढण्याच्या अपेक्षेने नव्हे, तर कातळाखालचे नमुने आणि मोजमापे मिळवण्यासाठी नर्मदा-तापी पट्ट्यात निवडक विहिरी घेतल्या पाहिजेत. त्यांच्याशिवाय मॅग्नेटोटेल्युरिक आणि भूकंपीय नकाशे पडताळता येत नाहीत आणि भूरसायनाला हातात धरायला खडकच मिळत नाही. अशी विहीर कोरडी निघाली, तर तिला अपयश म्हणू नये. कोयना आणि किल्लारीच्या विहिरींनी तेल दिले नाही. पण कुठे शोधायचे नाही, हे दाखवले.

दुसरी गरज आहे ती निष्कर्ष खुले करण्याची, विशेषतः नकारात्मक निष्कर्ष. या माहितीचा उपयोग तेलापुरता नाही. भूजल कोणत्या थरात आहे, भूकंपाची जोखीम कुठे आहे, कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांखालची उष्णता किती वापरता येईल, हे प्रश्न याच नोंदींवर अवलंबून आहेत. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला जातो आणि तिथे त्याचे खनिज होते. दख्खनचा कातळ त्या कामी येईल का, हे तपासायलाही हीच माहिती लागेल. तेल निघाले नाही तरी वाया जात नाही, असा हा खर्च आहे.

तिसरी गोष्ट गावपातळीवरची. सर्वेक्षणाचे ट्रक शिवारात आले की तेल सापडल्याच्या वावड्या उठतात आणि जमिनीचे व्यवहार सुरू होतात. सर्वेक्षण म्हणजे शोध लागणे नव्हे. शिवाय जमिनीखालच्या तेलावर मालकी जमीनमालकाची नसते. त्यावरील रॉयल्टी राज्याला मिळते. पथक गावात जाण्याआधी हे ग्रामसभेत मराठीतून सांगितले जावे. पिकाचे नुकसान झाले तर भरपाई कोण आणि केव्हा देणार, हेही त्याच वेळी लेखी कळायला हवे.

दख्खनखाली तेल आहे की नाही, याचे उत्तर आज ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. दक्षिणेकडे पुरावा बव्हंशी विरोधात आहे, उत्तरेकडे तपास करण्याजोगे संकेत आहेत. त्या संकेतांवर नेमका, टप्प्याटप्प्याने खर्च व्हायला हवा, आणि साठ्याचा आकडा प्रयोगशाळेतील नमुन्यांनंतरच जाहीर व्हायला हवा.